मुंबई बंदराचा कारभार

नागपूर, इंदूर किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या ज्या माणसाने समुद्र केवळ चित्रात पाहिला आहे, त्याच्याही संसारात समुद्रावरून आलेल्या वस्तू पदोपदी आढळतात. स्वयंपाकघरातील गॅस, रस्त्यावर धावणाऱ्या वाहनातील इंधन, वर्तमानपत्राचा कागद, रमजानच्या दिवसांत बाजारात मांडलेला खजूर ह्यांपैकी पुष्कळसा माल कोणत्या ना कोणत्या बंदरात जहाजातून उतरलेला असतो. ज्याच्या घरी तो पोहोचतो त्याला त्या बंदराची आठवण होण्याचे कारण पडत नाही. बंदराचे काम बिनबोभाट चालले म्हणजे ते कोणाच्या ध्यानात येत नाही. ते थांबले किंवा त्यात चूक झाली, तरच त्याचे अस्तित्व लोकांना जाणवते. मुंबई बंदराच्या इतिहासात असे दोन्ही प्रकारचे दिवस आलेले आहेत.

मुंबईचे बंदर मनुष्याने घडविण्यापूर्वी निसर्गाने घडविले आहे. दक्षिणोत्तर पसरलेले मुंबईचे बेट पश्चिमेकडून येणारे वारे व लाटा आपल्या अंगावर घेते आणि त्याच्या पाठीशी, पूर्वेच्या बाजूला, कोकणच्या मुख्य भूमीपर्यंत शांत आणि खोल पाण्याचा विस्तीर्ण पट्टा राहतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावरील लहान बंदरे बंद पडत. पण ह्या बेटाच्या आडोशाला आलेले जहाज भर आषाढातही निर्धास्तपणे नांगर टाकू शकते. ह्या पाण्याचे मोल जाणत्यांना फार पूर्वीच कळले होते. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. पुढे ११ वर्षांनी, १६७९ मध्ये, शिवाजी महाराजांनी बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा इंग्रजांनी आपल्या गलबतांनिशी त्याला विरोध केला आणि तो व्यर्थ गेला. खांदेरी ज्याच्या हाती, त्याच्या नजरेखालून मुंबईत येणारे प्रत्येक गलबत जाणार, हे दोन्ही पक्ष ओळखून होते. त्याच बेटावर १८६७ साली दीपगृह उभे राहिले. आज ते बेट कान्होजी आंग्रे ह्यांच्या नावाने ओळखले जाते.

ह्या बंदराची उभारणी मात्र अनेक पिढ्यांच्या हातून झाली. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया ह्यांनी १७३५ नंतर येथे जहाजे बांधण्याच्या उद्योगाचा पाया घातला. १७५० च्या सुमारास जहाजांच्या दुरुस्तीसाठी कोरडी गोदी बांधली गेली. वाडियांच्या कारागिरांनी मलबारी सागवानातून घडविलेले ‘त्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज १८१७ साली ह्याच पाण्यात उतरले आणि ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. मराठी माणसांना अतिपरिचित असलेला भाऊचा धक्का हे नाव लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य ह्यांच्यावरून पडले. त्या काळी पडावांतून आणि मचव्यांतून चिखलात उतरणाऱ्या उतारूंना कोरड्या पायांनी जमिनीवर येता यावे, ही त्या धक्क्याची पहिली सोय. बोरीबंदर, मस्जिदबंदर, चिंचबंदर, लकडी बंदर, हाजी बंदर ही नावे ऐकली, की पूर्व किनाऱ्यावर लहानमोठ्या धक्क्यांची केवढी रांग होती, हे ध्यानी येते. त्यांतील कित्येक ठिकाणी आता पाण्याचा मागमूसही नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तीन घटनांनी मुंबईचे भवितव्य पालटले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली आणि थोड्याच वर्षांत घाट ओलांडून वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदराच्या दारात येऊ लागला. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस अडकून पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळविले. पुढे १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला व आफ्रिकेला वळसा घालण्याचे कारण उरले नाही. आगबोटी मोठ्या संख्येने येऊ लागल्या. पण त्यांना टेकण्यासाठी पुरेसा धक्का नव्हता. जहाज दूर उभे करून सारा माल पडावांत उतरवावा व पडावांतून किनाऱ्यावर आणावा लागे. त्यात माल भिजे, हरवे आणि वेळ जाई. किनाऱ्याचा मोक्याचा भाग एल्फिन्स्टन कंपनी ह्या खाजगी मंडळीच्या हाती होता. एकाच कंपनीच्या मुठीत व्यापाराचा दरवाजा असणे धोक्याचे आहे, हे ओळखून सरकारने १८७० मध्ये तिची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली कायद्याने मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना केली.

‘ट्रस्ट’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बंदर ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे. विश्वस्तांनी ते सर्वांच्या वतीने चालवावे, त्याचे उत्पन्न त्याच्याच सुधारणेला लावावे, ही त्यामागील कल्पना. परकीय सत्तेने ती आपल्या व्यापाराच्या सोयीसाठी राबविली, हे खरे. पण कल्पना म्हणून ती पुढील काळालाही उपयोगी पडली.

ट्रस्टने कामाचा झपाटा मोठा ठेवला. थॉमस ऑर्मिस्टन ह्या अभियंत्याच्या देखरेखीखाली बांधलेली प्रिन्सेस गोदी १८८० साली सुरू झाली. तिच्यासाठी खोदकाम चालू असताना समुद्रतळाच्या चिखलाखाली एक बुडालेले अरण्य सापडले. शेकडो झाडांचे बुंधे तेथे होते आणि त्यांतील पुष्कळसे मुळांसह उभेच होते. जेथे जहाजे यावयाची, तेथे एके काळी कोरड्या जमिनीवर वन होते, ह्याचा तो पुरावा. १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी व १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी खुली झाली. ह्या तिसऱ्या गोदीच्या खोदकामातून निघालेल्या मातीदगडांनी भर घालून बॅलार्ड इस्टेटची वस्ती वसविण्यात आली. अलेक्झांड्रा गोदीलाच १९७२ पासून इंदिरा गोदी असे नाव आहे. त्यांच्याही आधीची, १८७५ सालची, ससून गोदी आता मासळीची गोदी झाली आहे. पहाटेच्या वेळी तेथे मचव्यांची आणि कोळणींची जी लगबग असते, तिला तोड नाही.

गोदी आणि साधा धक्का ह्यांत फरक आहे आणि तो समजण्यासाठी मुंबईच्या भरती-ओहोटीचा विचार करावा लागतो. येथे दिवसाकाठी दोनदा भरती येते. उधाणाच्या दिवसांत भरतीचे पाणी सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढते व ओहोटीला पाऊण मीटरपर्यंत उतरते. म्हणजे काही तासांच्या अवधीत पाण्याच्या पातळीत दोन पुरुष उंचीचा फरक पडतो. उघड्या धक्क्याला बांधलेले जड जहाज भरतीला वर चढेल आणि ओहोटीला त्याचा तळ चिखलात रुतण्याचे भय राहील. म्हणून जमीन खोदून तलाव करावयाचा, त्याला दरवाजे बसवावयाचे आणि भरतीचे पाणी आत कोंडून ठेवावयाचे, हीच गोदी. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया ह्या जुन्या गोद्यांचे दरवाजे भरतीच्या सुमारासच उघडत. ती वेळ चुकली, की जहाजाला पुढल्या भरतीची वाट पाहावी लागे. इंदिरा गोदीच्या तोंडाशी मात्र एकापाठोपाठ एक असे दरवाजे असलेला, ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद असा प्रवेशमार्ग आहे. जहाज त्यात शिरले, की बाहेरचा दरवाजा मिटतो. पाणी सोडून आतील पातळी गोदीच्या पातळीइतकी करतात. मग आतला दरवाजा उघडतो आणि जहाज अलगद गोदीत जाते. एखाद्या वाड्याच्या देवडीत पाहुण्याला क्षणभर थांबवावे आणि मग चौकात घ्यावे, तसा हा प्रकार.

जहाज ह्या देवडीपर्यंत आणणे हेही सोपे काम नाही. कप्तानाने साती समुद्र पालथे घातलेले असले, तरी ह्या बंदरातील खडक, गाळाचे उंचवटे आणि ओहोटीचा ओढा त्याला ठाऊक नसतो. म्हणून कुलाब्याच्या दक्षिण टोकाजवळील प्राँग्ज दीपगृहाच्या बाहेर बंदराचा वाटाड्या, ज्याला बंदराच्या भाषेत पायलट म्हणतात, लहान बोटीतून जहाजापाशी येतो. लाटांवर हेलकावणाऱ्या बोटीतून जहाजाच्या कडेला सोडलेल्या दोराच्या शिडीवर पाय ठेवणे हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग असतो. पावसाळ्यात ती शिडी चढणे म्हणजे जिवावरचा खेळ होय. तो वर पोहोचला, की त्याच्या सांगण्यावरून जहाज चालते. मात्र जबाबदारी कप्तानाचीच राहते. धक्क्याजवळ आल्यावर टग नावाच्या लहान पण ताकदवान बोटी जहाजाला पुढून-मागून ओढतात, ढकलतात; किनाऱ्यावरची माणसे दोरखंड खुंटांना अडकवतात आणि शेकडो फूट लांबीचे ते धूड वीतभर अंतरही न चुकता जागेवर लागते. वीस-तीस माणसांनी एकमेकांच्या खुणा ओळखून काम केले, तरच हे साधते.

त्यानंतर माल उतरविण्याचे काम सुरू होई. हे काम पूर्वी कसे चालत असे, ते आजच्या तरुणांना नवलाचे वाटेल. जहाजाच्या पोटात पोती, पेट्या, पिंपे, गासड्या आणि लोखंडाचे गज एकमेकांशेजारी रचलेले असत. कामगारांची टोळी शिडीने खाली उतरे, हाताने आणि आकड्याने माल ओढून दोरीच्या झोळीत भरे. वर उभा असलेला माणूस हाताच्या खुणेने विंच चालविणाऱ्याला इशारा देई आणि झोळी वर उचलली जाऊन धक्क्यावर उतरे. तेथे टॅली कारकून प्रत्येक नगाची नोंद करी. दुसरी टोळी तो माल शेडमध्ये वाहून नेई. जकात अधिकारी तपासणी करीत. आणि मग १९१५ साली सुरू झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या आगगाडीतून किंवा बैलगाडी-मालमोटारींतून माल गावोगाव जाई. एक मोठे जहाज रिकामे व्हावयास आठवडा लागणे सहज घडे.

हे सारे ज्यांच्या पाठीवर चाले, त्यांची स्थिती फार काळ अनिश्चित होती. जहाज आले तर काम, न आले तर उपास. रोज सकाळी कामगारांनी गोदीच्या फाटकाशी जमावे आणि टोळीवाल्याने किंवा सारंगाने मर्जीतील माणसे वेचून घ्यावी, अशी रीत होती. कामाच्या मोबदल्यातला एक हिस्सा मधल्या मध्ये गळे. रत्नागिरीकडचे कोकणी, घाटावरचे मराठे, उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आलेले असे नाना प्रांतांचे लोक ह्या फाटकाशी उभे राहत. पी. डिमेलो ह्यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी त्यांना संघटित केले. १९४८ साली गोदी कामगारांच्या नेमणुकीचे नियमन करणारा कायदा झाला आणि त्यानुसार १९५१ मध्ये मुंबईत गोदी कामगार मंडळ अस्तित्वात आले. कामगारांची नोंदणी झाली, पाळीपाळीने काम मिळू लागले आणि ज्या दिवशी हजर राहूनही काम नसेल, त्या दिवसाचाही काही मोबदला मिळू लागला. आज गोदीलगतचा रस्ता डिमेलो ह्यांच्या नावाने ओळखला जातो. १९६९ चा महाराष्ट्राचा माथाडी कायदा ह्याच वाटेवरचे पुढचे पाऊल म्हणावे लागेल.

बंदरातील चुकीची किंमत किती असू शकते, हे १४ एप्रिल १९४४ ह्या दिवसाने दाखविले. महायुद्धाचा काळ. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले होते. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके, सोन्याच्या विटा आणि कराचीहून घेतलेल्या कापसाच्या गासड्या होत्या. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात ठेवणे अनुचित आहे, हे कळण्याला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. पण युद्धाच्या घाईत ते घडले. दुपारी कापसाला आग लागली. बंबवाले आले, त्यांनी जहाजाच्या पोटात पाणी सोडले. परंतु आग आटोक्यात आली नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाच्या आत दुसरा. ‘जलपद्म’ नावाचे हजारो टनांचे जहाज उचलले जाऊन धक्क्यावर पडले. जळत्या गासड्या उडून वस्तीवर कोसळल्या व मांडवीकडचा भाग पेटला. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर ह्या हादऱ्याची नोंद झाली. मृतांच्या संख्येचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत आहेत. त्यांतील ६६ जण आग विझविण्यासाठी गेलेले अग्निशमन दलाचे जवान होते. जहाज पेटलेले त्यांना दिसत होते आणि तरीही ते मागे हटले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कोणता माल कोणत्या मालाशेजारी ठेवावा, धोक्याचा माल कोठे उतरवावा, ह्याचे नियम रुक्ष वाटतात. पण त्या नियमांच्या ओळींमागे ही माणसे उभी आहेत.

स्वातंत्र्यानंतर बंदराचे रूप पुन्हा बदलले. १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला तेल शुद्धीकरणाचे कारखाने सुरू झाले आणि बुचर बेटावर, म्हणजे आजच्या जवाहर द्वीपावर, तेलवाहू जहाजांसाठी वेगळी व्यवस्था झाली. तेलाचे काम वस्तीपासून दूर, बेटावर नेण्यात एक प्रकारचे शहाणपण होते. मात्र खरा पालट घडविला तो एका पत्र्याच्या पेटीने. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन ह्या वाहतूक व्यावसायिकाच्या ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ मोठ्या पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेल्या. कारखान्यात भरलेली पेटी थेट ग्राहकाच्या दारी उघडावयाची, वाटेत मालाला हात लावावयाचा नाही, ही ती कल्पना. कंटेनर हे तिचे नाव आता खेड्यापाड्यांतही परिचित आहे. ज्या जहाजाला आठवडा लागे, त्याहून कितीतरी मोठे जहाज आता दिवसा-दीड दिवसात मोकळे होते. प्रचंड यारी तासाला पंचवीस-तीस पेट्या उचलते आणि ती चालविणारा माणूस एकटाच असतो.

ह्या पेट्यांना दोन गोष्टी लागतात: खोल पाणी आणि पेट्या रचण्यासाठी ऐसपैस जमीन. शहराने वेढलेल्या जुन्या गोद्यांपाशी दोहोंचीही वाण होती. म्हणून त्याच बंदराच्या पूर्व तीरावर, न्हावा-शेवा येथे, नवे बंदर उभारण्यात आले व २६ मे १९८९ रोजी ते कार्यान्वित झाले. जवाहरलाल नेहरू ह्यांचे नाव धारण करणाऱ्या ह्या बंदरातून २०२४-२५ ह्या वर्षात वीस फुटी मापाने सत्तर लाखांहून अधिक पेट्यांची ने-आण झाली. तेथून आगगाडीवर चढलेली पेटी नागपूरच्या अजनीला किंवा दिल्लीच्या तुघलकाबादला पोहोचते व जकातीची तपासणी तेथे होते. एका अर्थी समुद्र नागपूरपर्यंत गेला आहे.

ह्या भरभराटीलाही किंमत मोजावी लागली. नवी मुंबई आणि तिच्या परिसरातील प्रकल्पांसाठी उरण-पनवेल भागातील भातशेते व मिठागरे घेण्यात आली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जे आंदोलन केले, त्यावर झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व त्या आंदोलनातून पुढे आले. इकडे जुन्या बंदरात टोळ्यांचे काम संपत गेले. गोदी कामगार मंडळ १९९४ साली पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले आणि ज्या फाटकांशी हजारोंची रीघ लागे, तेथे तुरळक माणसे दिसू लागली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया ह्या गोद्या एकविसाव्या शतकात भर घालून बुजविण्यात आल्या. ज्या ठिकाणी एकेकाळी अरण्य होते आणि पुढे जहाजे होती, तेथे पुन्हा जमीन झाली.

म्हणून जुने बंदर संपले, असे समजणे चुकीचे ठरेल. जवाहर द्वीपावर तेल उतरते. इंदिरा गोदीत पोलाद येते. परदेशी जाणाऱ्या मोटारगाड्या जहाजांत चढतात. बॅलार्ड पिअरला प्रवासी जहाजे लागतात. अलीकडच्या वर्षांत ह्या बंदराने वर्षाकाठी सहा कोटी टनांहून अधिक मालाची ने-आण केली आहे आणि त्यात तेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. तरीही बंदराच्या हाती असलेली पूर्व किनाऱ्यावरील शेकडो एकर जमीन हा आता शहराच्या चर्चेचा विषय झाला आहे. जागेसाठी तहानलेल्या मुंबईत ती जमीन म्हणजे सोन्याची विटच. तिच्यावर उंच इमारती याव्या, की बगीचे आणि सर्वांना मोकळा समुद्रकिनारा मिळावा, की दारूखान्यासारख्या वस्त्यांतील कष्टकऱ्यांना तेथेच पक्के घर आणि काम लाभावे, हा प्रश्न उभा आहे. २०२१ च्या कायद्याने बंदराच्या नावातील ‘ट्रस्ट’ हा शब्द जाऊन त्याजागी ‘प्राधिकरण’ हा शब्द आला. नाव बदलले म्हणून कर्तव्य बदलत नाही. दीडशे वर्षांपूर्वी एका खाजगी कंपनीच्या मुठीतून किनारा सोडविण्यासाठी विश्वस्तांची योजना झाली होती, हे विसरता येणार नाही.

पुढची पायरीही आखली गेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे आणखी मोठ्या बंदराची पायाभरणी झाली. तेथील मच्छीमारांच्या मनात जी चिंता आहे, ती न्हावा-शेव्याच्या लोकांनी पूर्वी अनुभवलेली आहे. जहाजे मोठी होत जाणार, यंत्रे वेगवान होत जाणार, आणि बंदरे खोल पाण्याचा शोध घेत सरकत राहणार, हा क्रम थांबण्यासारखा नाही. पण ज्याचे शेत गेले, ज्याचे जाळे हलविले गेले, ज्याच्या पाठीवरचे ओझे यंत्राने उतरविले आणि त्याबरोबर रोजगारही नेला, त्याचा हिशेब टॅली कारकुनाच्या वहीत एखाद्या नगासारखा नोंदला गेला पाहिजे.

शिवडीच्या चिखलात आजही हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांच्या डोक्यावरून जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू न्हावा-शेव्याकडे गेला आहे. एका टोकाला जुने बंदर, दुसऱ्या टोकाला नवे. मधल्या पाण्यात पायलटची लहान बोट रात्री-अपरात्री दिवा लावून निघते, बाहेर उभ्या असलेल्या जहाजापाशी जाते, आणि एक माणूस दोराच्या शिडीवर पाय ठेवतो. तो वर पोहोचला, की दूर देशचा माल घेऊन आलेले जहाज त्याच्या शब्दावर विसंबून पुढे सरकू लागते.